ळळ नळासारखा चालतो

टेबलावर पुठ्ठ्यातून कापलेला एक फूट उंचीचा 'ळ' आडवा पडला होता. त्याच्या डावीकडे पोस्टर रंगांच्या सात बाटल्या, त्यांपैकी दोन सुकलेल्या. तेलखडूंची एक पेटी, चार ब्रश (केस शिल्लक असलेले तीन) आणि पांढऱ्या डिंकाची एक बाटली. उजवीकडे काचेचे एकशे बारा मणी, लोकरीचे दोन गुंडे, कापडाचे सहा तुकडे, नऊ वाळलेली पानं, वीतभर तांब्याची तार आणि एका जुन्या कोटाची दोन मोठी काळी बटणं. टेबलाच्या एका बाजूला चित्रकर्ती बसली होती आणि उरलेल्या तीन बाजूंना तीन पुरुष. सगळं होतं. नव्हता तो फक्त एक शब्द.

शब्द 'ळ'ने सुरू होणारा हवा होता.

लहान मुलांची पुस्तकं काढणारी ही दोन खोल्यांची प्रकाशनसंस्था. पुढच्या खोलीत मालक बसत. त्यांना सगळे नाना म्हणत. मागच्या खोलीत उरलेलं सगळं जग. नानांनी कुठल्याशा प्रदर्शनात 'मिश्र माध्यम' हे दोन शब्द ऐकले होते आणि तेव्हापासून त्यांना साध्या चित्राकडे बघवत नव्हतं. कपाटात जे जे पडून आहे ते ते चित्राला चिकटवणं, असा त्यांनी त्या शब्दांचा अर्थ लावला होता, आणि तो अगदीच चूक होता असंही नाही. अक्षरांचं नवं पुस्तक मिश्र माध्यमातच करायचं ठरलं. प्रत्येक अक्षर पुठ्ठ्याचं कापायचं, त्यावर रंग, कापड, लोकर लावून चित्र उभं करायचं, त्याचा फोटो काढायचा आणि तो पानावर छापायचा. 'क'वर कापसाचं कबूतर बसलं. 'प' चिंध्यांच्या पतंगाचा झाला. 'ख'च्या खारीला नानांच्या जुन्या मफलरची शेपूट मिळाली. एक 'ळ' तेवढा राहिला होता.

चित्रकर्तीची ही पहिली नोकरी, आणि तीही कच्ची. "ळ झाला की पुस्तक झालं, पुस्तक झालं की तू पक्की," नाना म्हणाले होते, "आणि मुखपृष्ठावर तुझं नाव. ठळक." एवढ्याशा आश्वासनावर चित्रकर्तीच्या आईने सगळ्या मावश्यांना फोन करून टाकले होते. त्यामुळे आता माघार घ्यायला जागाच उरली नव्हती.

"मी काय म्हणतो," जावईबापू म्हणाले, "ळने सुरू होणारा एखादा कॉमन शब्द घ्या आणि विषय संपवा."

हे नानांचे जावई आणि संस्थेचे विक्रीप्रमुख. जावयाला 'अहो' म्हणावं लागत असल्यामुळे नानांना त्यांच्यावर ओरडता येत नसे, आणि नानांची ही अडचण जावईबापूंना पुरेपूर ठाऊक होती.

"तसा शब्द नाही," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे संपादक. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाल्यावर घरी सुनेच्या बोलण्यातल्या चुका काढत बसण्यापेक्षा ते इथे येत, आणि ही सोय दोन्हीकडे पसंत होती.

"नाही म्हणजे? शोधलात का?"

"आपल्या भाषेत ळने शब्द सुरूच होत नाही."

"म्हणजे शोधलाच नाहीत."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जावईबापू, सगळी पुस्तकं 'ळ बाळाचा' म्हणतात. 'ळ नळाचा' म्हणतात. तो मागून येतो. स्वभाव आहे त्याचा. येऊ द्या की बिचाऱ्याला मागून."

"नाही ना येऊ देता येत!" जावईबापूंनी जाहिरातीचा कागद पुढे सरकवला. ही जाहिरात त्यांनीच लिहिली होती आणि ती शाळाशाळांत पोचलीही होती. "वाचा. 'प्रत्येक अक्षर आपल्या शब्दाच्या पुढे! एकही अपवाद नाही!' लोक पकडतील आपल्याला."

"मग ळ काढून टाका," नाना म्हणाले.

मास्तर उभे राहिले. "मी तापाने पडलो होतो तेव्हा तुम्ही ङ, ञ आणि ण काढलेत. परत येतो तर तीन अक्षरं गायब! तेव्हा मी गप्प बसलो. आता ळ काढा, आणि मग दुपारी केळं मागा बरं. काय म्हणाल? केलं?"

"मी केलंच म्हणतो," जावईबापू म्हणाले.

"ऐकतो मी. रोज ऐकतो."

नानांनी हात वर करून दोघांना थांबवलं. जावईबापूंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "उलटं लिहू या का? बाळ उलटं केलं की ळबा! ळ ळबाचा. फ्रेश वाटतं."

"बाळाला उलटं!" मास्तर मटकन खाली बसले.

आता आपण बोललो नाही तर पुस्तकात खरोखरच ळबा येईल आणि त्यावर आपलं नाव असेल, हे चित्रकर्तीच्या लक्षात आलं. "नाना, मी माळ करते," ती घाईघाईने म्हणाली. "अख्खा ळच मण्यांच्या माळेचा. अक्षर तेच आणि चित्रही तेच. मग ळ पुढे की मागे, हे कुणाला कळणारच नाही."

नानांनी टेबलावरचे मणी बोटाने चाळवले. "भरगच्च दिसेल?"

"एकशे बारा मणी आहेत, नाना."

"कर मग. चारला फोटोग्राफर येतोय. उद्यापासून तो परगावी, तेव्हा आज म्हणजे आज."

चित्रकर्तीने मन लावून काम केलं. आधी पुठ्ठ्यावर निळा पोस्टर रंग दिला. तो फारच सपाट दिसायला लागला म्हणून त्यावर तेलखडू घासले, चांगले दाबून, जांभळ्यावर पिवळा, पिवळ्यावर पांढरा. वरच्या आडव्या रेघेला कापडाच्या पट्ट्या लावल्या. मग डिंकाची बाटली उघडली आणि एकेक मणी बसवायला घेतला. चूक झाली ती इथे. तेलखडूत मेण असतं, पांढऱ्या डिंकात पाणी असतं, आणि ही दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. मणी चिकटल्यासारखे दिसत होते. प्रत्यक्षात ते नुसते बसून होते.

शेवटचा मणी बसतो न बसतो तोच पुढच्या खोलीतून हाक आली. "अगं, छापखान्यात जाऊन मुखपृष्ठाचा रंग तेवढा बघून ये! ते लाल म्हणून गुलाबी छापतात."

तिने ळ उचलला आणि लवकर सुकावा म्हणून टेबलफॅनसमोर भिंतीला टेकवून उभा केला. आडवा असता तर एक वेळ निभावलं असतं. ती जिना उतरून रस्त्यावर पोचायच्या आत पहिला मणी खाली आला होता.

छापखान्यात त्यांनी खरोखरच गुलाबी छापलं होतं. वाद घालून ती परत आली तेव्हा चार वाजत आले होते. पंखा बंद होता. फरशी लख्ख होती. आणि भिंतीला टेकून एक कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

ळच्या दोन गोलांत दोन काळी बटणं बसली होती. ळला गोल दोनच असतात आणि ते शेजारीशेजारी असतात, त्यामुळे बटणं लागताच त्या अक्षराला नजर आली होती, आणि ती नजर जरा आश्चर्याचीच होती. वरच्या रेघेच्या दोन टोकांना वाळलेली पानं कानांसारखी उभी होती. मधोमध कापडाच्या पट्ट्यांची झुलपं. दोन गोलांच्या खाली लोकरीची झुपकेदार मिशी. मिशीखाली सगळेच्या सगळे मणी दाटीवाटीने बसवलेले, म्हणजे दात. आणि बाजूने तांब्याच्या तारेची शेपटी, शेवटी गोल वळवलेली.

"आलात का, ताई?" मावशी चहाची किटली घेऊन आत आल्या. ऑफिसचा केर आणि चहा या दोन गोष्टी मावशींकडे होत्या, आणि आपल्याला यापेक्षा अधिक जमतं असं त्यांना फार दिवसांपासून वाटत होतं. "तुमचं सगळं गळून पडलं होतं हो. टपटप टपटप! मी एकूणएक उचललं. टेबलावरचंही लावून टाकलं. काही वाया घालवलं नाही."

"मावशी," चित्रकर्तीने बटणांकडे बोट दाखवलं, "हे डोळे..."

"दोन गोल दिसले, म्हटलं डोळेच असणार. तुम्ही घाईत विसरला असाल."

चित्रकर्तीने एक मणी उचकटायचा प्रयत्न केला. मणी हलला नाही. नख तुटलं.

"निघायचं नाही ते," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "तुमचा डिंक पाणचट होता. मी चपला चिकटवायचं सोल्यूशन लावलंय. पाऊस येवो नाहीतर भूकंप."

जिन्यावर पावलं वाजली. चित्रकर्तीने चित्रावर टाकायला कापड शोधलं, पण सहाही तुकडे झुलपांत गेले होते. दार उघडलं. आधी नाना, मागे जावईबापू, त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फोटोग्राफर, आणि चहाच्या वासाने आपल्या कोपऱ्यातल्या डुलकीतून उठून आलेले मास्तर. चौघेही ळसमोर येऊन थांबले.

"हा कोण?" नानांनी विचारलं.

"नाना, ते असं झालं की..."

"प्राणी केलास!" नानांचा आवाज एकदम वर गेला. "माळ म्हणाली होती आणि प्राणी केला! अहो जावईबापू, बघा तरी! मुलांना प्राणीच लागतो. मी म्हणतच होतो."

"ळने सुरू होणारा प्राणी?" जावईबापू पुढे सरसावले. "नाव काय याचं?"

चित्रकर्तीला सांगायचं होतं, 'लक्षात आलं नाही हो माझ्या, डिंक आणि तेलखडू एकमेकांना धरत नाहीत.' पण समोरून चार जण आणि भिंतीकडून दोन बटणं तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि डोक्यात सकाळपासून एकच अक्षर घुमत होतं. "ळ...," ती म्हणाली. "ळ..."

"ळळ!" नाना म्हणाले. "वा! ळ ळळाचा! फोटो काढा!"

फोटोग्राफरने फोटो काढला. चांगला आला. बाकीच्या अक्षरांना दिव्याची जागा तीनतीनदा बदलावी लागली होती. हा पहिल्या झटक्यात आला.

"असा प्राणी नाही," मास्तर ठामपणे म्हणाले.

"तुम्ही सगळे प्राणी पाहिलेत?" नानांनी विचारलं.

"सगळे शब्द पाहिलेत. हा शब्द नाही."

"नव्हता," जावईबापू म्हणाले. "आता आहे. बघा ना मास्तर, तुमच्या भाषेत ळने सुरू होणारा पहिला शब्द. तुमच्याच टेबलावर जन्माला आला."

चित्रकर्तीने आशेने मास्तरांकडे पाहिलं. आता हेच काय ते आपल्याला वाचवतील, असं तिला वाटत होतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचं विसरले. त्यांचे ओठ हलायला लागले. "ळळ... पुल्लिंगी. होय, पुल्लिंगीच. ळळ, ळळाला, ळळाने. अनेकवचन ळळच. मादी ळळीण." त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा नातवंडाला पहिल्यांदा मांडीवर घेताना होतो. "नळासारखा चालतो हो! अगदी नळासारखा चालतो."

मास्तर शब्द चालवत होते. नळ, नळाला, नळाने. तसाच ळळ, ळळाला, ळळाने. पण जावईबापूंनी ते ऐकलं आणि ताबडतोब लिहून घेतलं, कारण प्रत्येक चित्रासाठी शिक्षकांना माहितीचा एक परिच्छेद द्यायचा होता आणि त्यात प्राणी कसा चालतो याला जागा होती.

"आणि खातो काय?" त्यांनी चित्रकर्तीला विचारलं.

"मला काय माहीत?"

"ताई, प्राणी तुमचा. तुम्हाला नाही तर कुणाला माहीत?"

"केळी," ती वैतागून म्हणाली. "आवळे. मुळे. ज्यात ज्यात ळ आहे ते सगळं."

"राहतो कुठे?"

"तळ्यात."

"आणि मधूनमधून मळ्यात," मास्तर आपल्या कोपऱ्यातून म्हणाले. त्यांना आता थांबवणं कठीण होतं.

त्या संध्याकाळी घरी आईने विचारलं, "झाला का गं तुझा ळ?" चित्रकर्ती "झाला" म्हणाली आणि जेवायला बसली. जेवता जेवता तिच्या लक्षात आलं, की पुस्तक कुणी उघडलं नाही तरी मुखपृष्ठावरचं नाव सगळे वाचतात. नोकरी कच्ची होती तोपर्यंत ती निदान नाव नसलेली नोकरी होती. आता पक्की झाली, की जगात नसलेल्या एका प्राण्याखाली तिचं नाव ठळक अक्षरांत येणार होतं. तिन्हीसांजेला दोन मावश्यांचे फोन येऊन गेले होते. दोघींनीही प्रत किती दिवसांत मिळेल, हेच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ नानांच्या खोलीत गेली. "नाना, एक सांगायचंय. तो ळळ खरा नाही."

"खरा कसा असेल? पुठ्ठ्याचा आहे."

"तसं नव्हे. असा प्राणीच नाही. मी माळ करत होते. डिंक धरला नाही, मणी गळले, आणि मावशींनी ते चपलेच्या सोल्यूशनने दिसेल तिथे चिकटवले. मी काहीच केलेलं नाही."

नानांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "मोठे कलाकार असंच म्हणतात. 'मी काही केलं नाही, ते आपोआप झालं.' प्रदर्शनात तो एक दाढीवाला होता, तोही अगदी हेच म्हणत होता."

"पण नाना, हे खरोखरच आपोआप झालंय!"

"तेच तर. फक्त समितीसमोर मावशींचं नाव काढू नकोस. त्या उद्या झाडू ठेवून ब्रश मागतील."

"कसली समिती?"

समिती म्हणजे शाळांसाठी पुस्तकं निवडणारी समिती. जावईबापूंनी तिला ऑफिसातच बोलावलं होतं. समितीने होकार दिला तर पुस्तक शाळाशाळांत जाणार होतं. नकार दिला तर मागच्या खोलीत रचून ठेवायला लागणार होतं, आणि मागच्या खोलीत आधीच मास्तर बसत होते. समितीत दोघं होते: एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्या अध्यक्ष, आणि एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक.

प्राध्यापक येणार हे कळल्यावर चित्रकर्तीला आधी धास्ती वाटली, आणि मग लगेच हलकंही वाटलं. शेजारच्या खाटिकाला जरी विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की असा प्राणी नसतो. हे तर प्राध्यापक. ते हसतील, आपण खरं सांगून टाकू, नानांना राग येईल, नोकरी जाईल. पण निदान ठळक नाव लागायचं नाही. तिने मनातल्या मनात वाक्यही बसवून ठेवलं.

अध्यक्षबाईंनी पुस्तकाच्या कच्च्या प्रतीची पानं उलटायला सुरुवात केली. कबुतराला मान हलवली, पतंगाला मान हलवली, खारीच्या शेपटीवरून बोट फिरवलं. 'ळ'वर त्या थांबल्या. सगळी खोली थांबली. बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं, आणि मग पुस्तक अलगद शेजारी सरकवलं. "हा तुमचा विषय, सर."

प्राध्यापकांनी ळळाकडे पाहिलं. ळळाने प्राध्यापकांकडे पाहिलं. पापणी आधी प्राध्यापकांची लवली.

"ळळ," ते सावकाश म्हणाले. "हं. हो, हो. ळळ."

"तुम्हाला माहीत आहे?" चित्रकर्तीने न राहवून विचारलं.

"म्हणजे काय! आमच्या विषयात त्याला वेगळं नाव आहे."

"काय आहे?"

"लांब आहे," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

बाईंनी माहितीचा परिच्छेद वाचला. "केळी, आवळे, मुळे खातो. तळ्यात राहतो. मधूनमधून मळ्यातही. हे ठीक. पण हे काय? 'नळासारखा चालतो'?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नळ कधी चालतो?"

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. आपल्या शब्दाला भलत्याच अर्थाने चालवलंय, हे त्यांना आत्ताच कळलं होतं. "बाई, ते व्याकरणाच्या..."

"बरोबर आहे की," प्राध्यापक मधेच म्हणाले. एकदा ओळख दाखवल्यावर आता मागे फिरणं त्यांना शोभलं नसतं. "नळासारखा म्हणजे थांबत थांबत. मधेच बंद. पहाटे थोडा वेळ जोरात. तळ्याकाठच्या प्राण्यांत आढळते अशी चाल."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली. मास्तर हळूच खाली बसले. बरोबरची खूण झालेल्या वाक्यात दुरुस्ती करायची नाही, हा त्यांचा जन्मभराचा नियम होता.

चित्रकर्तीला राहवेना. ती उठून उभी राहिली. नाना तिच्याकडे बघून मान हलवत होते, जावईबापू टेबलाखालून तिची खुर्ची ओढत होते; तिने कुणाकडेच पाहिलं नाही. "बाई," ती म्हणाली, "मला खरं सांगायचंय. ळळ नाहीये. ळळ अस्तित्वातच नाही."

मावशी कपबशा गोळा करायला आल्या होत्या, त्याही दारात थबकल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"अस्तित्वातच नाही?"

"नाही, बाई."

"एकही नाही?"

"एकही नाही."

बाईंनी पुस्तकावर हात ठेवला. त्यांचा आवाज जड झाला. "अरेरे. शेवटचा कधी दिसला होता?"

चित्रकर्तीला क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा फार उशीर झाला होता. "तसं नाही हो, बाई! तो नव्हताच कधी!"

"असं एकदम निराश व्हायचं नसतं," प्राध्यापक तिला समजावत म्हणाले. "नीट शोध घेतला तर एखादं जोडपं सापडतंही. मी पाहिलेत असे प्रकार."

"किती मनाला लावून घेतलंय पोरीने," बाई नानांना म्हणाल्या. "हल्ली कोण एवढी कळकळ ठेवतं? सर, मला वाटतं, हे मुलांना कळायला हवं. असे प्राणी आपण हकनाक गमावले." आणि त्यांनी पानाच्या कडेला स्वतःच्या हाताने लिहिलं: 'नामशेष.'

"कळकळ," मास्तर भारावल्यासारखे पुटपुटले. "दोन ळ."

दारातून मावशींचा आवाज आला, "तळ्याला भिंत घातली असेल कुणीतरी. दुसरं काय?"

होकार त्याच दिवशी मिळाला. ळळाचं चित्र मोठं करावं, एवढीच समितीची सूचना होती. ते मोठं करण्यासाठी जागा हवी म्हणून 'ज्ञ' वगळण्यात आला. मास्तरांनी या वेळी हरकत घेतली नाही. ते 'ळ'ने सुरू होणारा दुसरा शब्द शोधत होते.

चित्रकर्ती शेवटचा उपाय म्हणून पुन्हा नानांकडे गेली. "नाना, एवढं एक करा. मुखपृष्ठावर माझं नाव नको."

नानांनी जावईबापूंना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? नाव नको म्हणते! शिका काहीतरी हिच्याकडून." आणि त्यांनी छापखान्यात फोन करून तिचं नाव आणखी दोन आकडे मोठं करायला सांगितलं. पुस्तक आलं तेव्हा लाल रंग गुलाबीच होता, पण नाव रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होतं. नोकरी पक्की झाल्याचं नानांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

रविवारी थोरल्या मावशीचा फोन आला. तिने पुस्तक नातवाला दिलं होतं. "काय गोड प्राणी काढलायस गं! पण हा तू पाहिलास कुठे? आमचा पठ्ठ्या सकाळपासून मागे लागलाय, ळळ दाखव म्हणून."

आई शेजारी उभी राहून कौतुकाने ऐकत होती. चित्रकर्तीने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. तिने मनात बसवलेलं वाक्य अजून जागेवर होतं, पण त्याचं काय होतं ते तिने पाहिलं होतं.

"आता नाही दिसत, मावशी," ती म्हणाली. "पूर्वी खूप होते."

शाळांत पुस्तक वाटल्यावर समितीने पहिलीच्या एका वर्गाची छोटी चाचणी घेतली. प्रश्न आणि त्यांची उत्तरं मास्तरांनी ठरवून दिली. तपासायचं काम, नोकरी पक्की असल्यामुळे, चित्रकर्तीकडे आलं. वर्गात चाळीस मुलं होती. 'क' एकतीस जणांनी ओळखला, 'प' चौतीस जणांनी, 'ळ' चाळीसच्या चाळीस जणांनी. शेवटचा प्रश्न होता, 'ळ'ने सुरू होणारा एक शब्द लिहा. सदतीस जणांनी 'ळळ' लिहिलं. त्यांना तिने एकेक गुण दिला. दोघांनी 'लल' लिहिलं. त्यांना अर्धा दिला. एका मुलीने 'असा शब्द नाही' असं लिहिलं. तिला शून्य दिलं.